पानेबुवाच्या तोंडी घातलेलं वाक्य

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत तक्रारींचा फोन उचलणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. त्याचं कारण साधं होतं. त्यांचा दीर तिथेच मेकॅनिक होता आणि तो फोनवर सुरुवातच "वहिनी, मी बोलतोय" अशी करायचा. त्याचं ऐकून दुसऱ्याने म्हटलं, दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्याने, आणि बघता बघता ज्यांची वयं वहिनींच्या वडिलांएवढी होती तेही खुशाल वहिनी म्हणू लागले. वहिनींना त्याचं काही वाटत नसे. नावाने हाक मारून काम न करणाऱ्यांपेक्षा वहिनी म्हणून काम करणारे बरे, असं त्या म्हणत.

त्यांचं टेबल होतं जिन्याखाली. समोर फोन, शेजारी एक जुनाट संगणक. फोन वाजला की वाजतच राहायचा, आणि थांबला की दुपारभर ढिम्म. संगणकात खेळ ठेवायला बंदी होती, पण संगणकाबरोबर फुकट येतो तो चित्रं काढायचा साधा प्रोग्राम कोणाच्या लक्षातच आला नव्हता. पेन्सिल, खोडरबर, रंगाची बादली आणि एक कात्री. एवढीच त्याची इस्टेट.

वहिनींनी आधी नुसत्या रेघोट्या ओढल्या. माऊसने सरळ रेघ ओढणं म्हणजे साबण हातात धरून सही करण्यासारखं. मग एक दिवस त्यांनी चित्र मोठं करून, मोठं करून, इतकं मोठं केलं की पडद्यावर नुसते चौकोन दिसायला लागले, फरशीसारखे. एकेक चौकोन भरायचा. इथे हात थरथरला तरी बिघडत नव्हतं. चार काळे चौकोन म्हणजे बूट, दोन पांढरे म्हणजे डोळे. पुन्हा लहान केलं, तर अंगठ्याएवढा माणूस उभा! वहिनी स्वतःशीच हसल्या, आणि फोन वाजत होता तो दोनदा वाजून थांबला.

हा अंगठ्याएवढा माणूस म्हणजे पानेबुवा. डोक्यावर तिरकी टोपी, मागच्या खिशात पाना, आणि डाव्या भुवईत एक चौकोन मोकळा. तो चौकोन मुद्दाम मोकळा होता, कारण दिराची डावी भुवई लहानपणी दारावर आपटून मधोमध फाटली होती, तिथे केस आलेच नाहीत. दीर खिशात पाना घेऊनच जेवायला बसायचा, घरी आई त्यावरून रोज बोलायची. त्यामुळे पानेबुवा कोण, हे सांगायची गरजच नव्हती.

एकदा माणूस तयार झाला की गंमत सुरू होते. तो जपून ठेवायचा, कात्रीने उचलायचा, हव्या त्या चौकटीत चिकटवायचा. तोंडाचा एक चौकोन वर केला की हसतो, खाली केला की रडतो. हात वर, हात खाली, पाय पुढे. मागची लिफ्ट तीच, जिना तोच, बोलणं तेवढं नवं. संगणक दुरुस्त करायला एक मुलगी आली होती, तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही स्प्राइट कॉमिक करताय! लोक जगभर करतात हे." वहिनींना ते नाव काही फार आवडलं नाही. त्या त्याला 'चिकटवाचिकटवी' म्हणत.

चिकटवाचिकटवीचे कागद कँटीनच्या फळ्यावर लागू लागले. पानेबुवा लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईला धीर द्यायला जातो आणि ती बाईच त्याला धीर देते. पानेबुवा नवव्या मजल्यावर चढून जातो, कारण लिफ्ट बंद आहे, आणि तिथे कळतं की पाना खालीच राहिला. मेकॅनिक लोक चहाचा पेला हातात घेऊन वाचत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. "वहिनी, पुढचा कागद कधी?" असं आठवड्यातून दहा जण विचारत. वहिनींनी खाली कधी नाव घातलं नाही. घालायचं तरी कशाला? सगळ्यांना ठाऊकच होतं.

आणि मग दिराचा अपघात झाला.

लिफ्टचं काम करताना मेकॅनिकला डब्याच्या टपावर उभं राहावं लागतं. तिथे एक लाल बटण असतं. ते दाबलं की लिफ्ट जागची हलत नाही, कोणत्याही मजल्यावरून कोणीही बोलावू दे. मेकॅनिकचा जीव त्या बटणावर असतो. जुन्या लिफ्टमधली ही बटणं कधीचीच कुरकुरत होती, आणि ज्या इमारतीत दीर नेहमी जायचा तिथलं तर पार मेलं होतं. हे वहिनींना पक्कं माहीत होतं, कारण फोन त्यांनीच घेतला होता.

"वहिनी, मी बोलतोय. टपावरचं लाल बटण मेलंय. कधी लागतं, कधी नाही. साहेबांना सांगा."

वहिनी उठून देखभाल विभागाच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या होत्या. साहेब खुर्चीत रेलून म्हणाले होते, "पार्ट मागवलाय. तोवर जरा सांभाळून करा म्हणावं." पुढच्या खेपेला दिराचा पुन्हा तोच फोन आला. वहिनी पुन्हा गेल्या. साहेब त्याच खुर्चीत होते आणि पार्ट अजून मागवलेलाच होता. असं किती वेळा झालं याची मोजदाद वहिनींनी ठेवली नव्हती. शेवटी शेवटी तर त्या दारात दिसल्या की साहेबच आधी म्हणायचे, "मागवलाय, मागवलाय."

त्या दिवशी दिराने बटण दाबलं. वरच्या मजल्यावर कोणीतरी लिफ्ट बोलावली. आणि लिफ्ट निघाली. डबा आणि भिंतीतली तुळई यांच्या मध्ये त्याचा पाय सापडला. जीव वाचला तो केवळ खाली उभ्या असलेल्या माणसाने ओरड ऐकून मेन स्विच पाडला म्हणून. पायात लोखंडी पट्टी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण लंगडेल.

वहिनींनी त्यानंतर चिकटवाचिकटवी बंद केली. पानेबुवाला हसवायला हात होईना.

दीर घरी आला, पाय लाकडासारखा प्लास्टरमध्ये. साहेब फळं घेऊन भेटायला आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसले. "नोकरीची काळजी करू नकोस," म्हणाले. "पाय बरा झाला की वर्कशॉपमध्ये बसून करायचं हलकं काम देतो. चौकशी होईल ती नुसती कागदोपत्री. तू आपलं जास्त खोलात शिरू नकोस. घाईत होतो, नीट आठवत नाही, एवढं पुरे." दिराने मान हलवली. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. पाणी त्यांनी ठेवलं, पण 'घ्या' म्हणाल्या नाहीत.

साहेब गेल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, नीट आठवत नाही?"

"सगळं आठवतंय, वहिनी," दीर म्हणाला. "पण लंगड्या मेकॅनिकला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? राहू द्या."

पाय त्याचा, नोकरी त्याची. आपण कोण बोलणारे, असं त्यांनी मनाला बजावलं.

थोड्या दिवसांनी कंपनीत सुरक्षा सप्ताह आला. सकाळी वहिनी कामावर आल्या तर दारातच, काचेच्या चौकटीत, पानेबुवा! भला मोठा, माणसाच्या उंचीचं पोस्टर. वहिनी पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभ्या राहिल्या.

पहिल्या झटक्यात त्यांना राग आला तो भलत्याच गोष्टीचा. पानेबुवाला कात्रीने उचलताना कोणीतरी त्याच्याभोवतीचा पांढरा तुकडा तसाच ठेवला होता. मागे करडी भिंत, आणि पानेबुवाभोवती खिडकीएवढी पांढरी चौकट. कडा सगळ्या फिसकटलेल्या, रंग एकमेकांत उतरलेले. 'चोरता येतं आणि साधं कापता येत नाही!' त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी वाचलं.

पहिल्या चौकटीत पानेबुवा टपावर उभा राहून शीळ घालतोय. दुसरीत म्हणतोय, "लाल बटण दाबायला कोण थांबतं! मला घाई आहे." तिसरीत लिफ्ट निघालीय. चौथीत त्याच्या पायाला प्लास्टर. तेही कोणीतरी पांढरी बादली ओतून केलेलं, गुडघ्याच्या वर गळलेलं. आणि पानेबुवा, डाव्या भुवईत एक चौकोन मोकळा असलेला पानेबुवा, या कानापासून त्या कानापर्यंत हसू घेऊन म्हणतोय, "चूक माझीच! मी ऐकलं असतं तर!" खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सुरक्षा तुमच्याच हातात.'

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे वहिनींना त्या दिवशी शब्दशः कळलं. आधी पाय गरम झाले, मग कान.

त्या तशाच प्रसिद्धी विभागात गेल्या. तिथे एक गळपट्टेवाला तरुण बसायचा. कंपनीची पत्रकं, भित्तिपत्रकं त्याच्याकडे. तो उठून उभाच राहिला. "या, या वहिनी! बघितलंत? सगळ्यांना काय आवडलंय म्हणून सांगू! लोक थांबून वाचतायत."

"हे तुम्ही कुठून घेतलंत?"

"तुमच्याच संगणकातून. नेटवर्कवर होतं की. साहेब म्हणाले, वहिनींचं कॅरॅक्टर लोकांचं लाडकं आहे, तेच वापरा, लगेच पोचेल."

"मला विचारलंत?"

तो गोंधळला. त्याला खरोखर सुचलंच नव्हतं. "आता ऑफिसच्याच संगणकावर होतं म्हणून... आणि तुमचं कौतुकच आहे ना यात?"

"कौतुक?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या दिराच्या तोंडी तो बोललाच नाही ते घालायचं, आणि तेही माझ्या हातून घातल्यासारखं, याला कौतुक म्हणतात होय?"

"दीर?" गळपट्टेवाल्याचा चेहरा उतरला. तो नवा होता. भुवईचं त्याला ठाऊक नव्हतं. पण साहेबांना ठाऊक होतं. साहेबांनी फळांची पिशवी ठेवताना त्या भुवईकडेच बघितलं होतं.

साहेब मात्र त्या दिवशी जागेवर नव्हते, दुसऱ्या दिवशी बैठकीत होते, तिसऱ्या दिवशी "नंतर बोलू" म्हणाले. कँटीनमध्ये मेकॅनिक लोक वहिनींना बघून पेला खाली ठेवू लागले, पण बोलेना कोणी. एकाने तर हळूच विचारलं, "वहिनी, तुम्ही काढलंत?" वहिनी डबा न उघडताच उठल्या. त्यांच्या लक्षात आलं, की निम्म्या लोकांना ते पोस्टर त्यांनीच काढल्यासारखं वाटतंय. आणि का वाटू नये? माणूस त्यांचाच, टोपी त्यांचीच, बोटांच्या सवयीही त्यांच्याच. नाव तेवढं कधी घातलं नव्हतं.

घरी त्यांनी हे सांगितलं नाही. दिराला आणखी त्रास नको. पण त्याच आठवड्यात टपालाने एक पुस्तिका आली. सुरक्षा सप्ताहाची पुस्तिका, कंपनीने प्रत्येक कामगाराच्या घरी पाठवलेली. पाकीट फोडलं सासूबाईंनी.

सासूबाईंना आपल्या सुनेच्या चित्रांचं फार कौतुक होतं. वहिनी कागद घरी आणत तेव्हा त्या चष्मा लावून एकेक चौकट बोटाने वाचत आणि शेजारणीला दाखवत. आताही त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवलं. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तोवर बोट चौथ्या चौकटीवर पोचलं होतं.

"अगो बाई," सासूबाई म्हणाल्या. "हा तर आपलाच."

खाटेवरून दिराने मान वळवली.

"काय रे," त्या त्याला म्हणाल्या, "मला तर म्हणालास, बटण दाबलं होतं, बटणच बिघडलेलं होतं."

"होतंच बिघडलेलं."

"मग हे काय? मी ऐकलं असतं तर, म्हणतोयस. हसतोयस वर!"

"आई, ते मी नाही म्हणत. ते कंपनीने छापलंय."

"कंपनीने कशाला? हे हिने काढलंय. हिच्या हातचं मी ओळखत नाही?" सासूबाईंनी पुस्तिका सुनेकडे धरली. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "तू खोटं काढायची नाहीस, एवढं मी जाणून आहे. म्हणजे हाच खोटं बोलला. आईशी."

दिराने तोंड भिंतीकडे फिरवलं. एवढा थोराड माणूस, पाय मोडला तेव्हा ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता, त्याचे खांदे हलायला लागले. वहिनींनी पुस्तिका घेतली. फाडावीशी वाटली, पण फाडली नाही. फाडली असती तर सासूबाईंना वाटलं असतं, खरं झोंबलं.

"आई," त्या म्हणाल्या, "माणूस माझा आहे. बोलणं माझं नाही. कोणीतरी माझा हात चोरला आणि त्याने तुमच्या मुलाच्या थोबाडीत मारली."

सासूबाईंना ते लगेच पटलं असं नाही. त्या चष्मा पुसत राहिल्या. पण भिंतीकडून दिराचा आवाज आला, ओला आणि कडक.

"वहिनी. काढा. झालं ते काढा."

"आणि वर्कशॉपचं हलकं काम?"

"खड्ड्यात गेलं हलकं काम."

घरी संगणक नव्हता. वहिनींचा नवरा बेकरीत कामाला होता. तिथे बिलं करायचा एक संगणक होता आणि रविवारी दुपारी बेकरी बंद असायची. मालकाला विचारून नवऱ्याने किल्ली आणली. मागच्या खोलीत पिठाची पोती, त्यातल्या एका पोत्यावर दीर बसला, प्लास्टरचा पाय पत्र्याच्या डब्यावर ठेवून. माऊसखाली पीठ गेलेलं, तो सरकण्याऐवजी घसरायचा. नवरा दर थोड्या वेळाने फडक्याने टेबल पुसून द्यायचा. तो मुळात कमी बोलणारा माणूस; त्याचा राग पुसण्यातून दिसत होता. टेबलाचा रंग जाईल इतकं तो पुसत होता.

पानेबुवा इथे नव्हता, ऑफिसच्या संगणकातच राहिला होता. वहिनींनी तो पुन्हा पहिल्यापासून केला, एकेक चौकोन. समोर खरा माणूस बसलेलाच होता. टोपी, पाना, भुवई. मग त्यांनी जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं: साहेबांना काढलं.

"पोट मोठं करा," दीर म्हणाला.

"नको."

"शिंगं तरी काढा."

"भाऊजी, त्यांनी खोटं काढलं म्हणून आपण का काढायचं? आहेत तसे काढते. आहेत तसेच पुरेत."

साहेब झाले. टेबल, खुर्ची, रेललेला माणूस, हातात कप. पहिल्या चौकटीत पानेबुवा फोनवर म्हणतो, "लाल बटण मेलंय." दुसरीत जिन्याखालची बाई (वहिनींनी स्वतःलाही पहिल्यांदाच काढलं, अंबाड्यासकट) साहेबांच्या दारात उभी, आणि साहेब म्हणतायत, "पार्ट मागवलाय." मग वहिनींनी ही जोडी कात्रीने उचलली आणि खाली चिकटवली. पुन्हा उचलली, पुन्हा चिकटवली. तोच फोन, तेच दार, तीच खुर्ची, तेच वाक्य. काही म्हणजे काही बदलायची गरज नव्हती. साहेबांना हलवायचं कारणच नव्हतं, कारण साहेब खरोखरही हलले नव्हते. नेहमी त्या निदान तोंडाचा एखादा चौकोन वरखाली करत. या वेळी तेवढंही नाही. फक्त जिन्याखालच्या बाईचे खांदे प्रत्येक वेळी थोडे खाली.

कागद भरत आला. नवऱ्याने पुसणं थांबवलं आणि मागे येऊन उभा राहिला.

"आता शेवट," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, कसं दाखवू?"

"मला ओरडताना दाखवू नका," तो म्हणाला. "आई बघणार आहे."

म्हणून शेवटच्या चौकटीत फक्त एक हात होता आणि त्या हाताखाली दाबलेलं लाल बटण. टप हलतोय एवढं कळायला दोन रेघा. आणि वाक्य एकच: "मी दाबलं होतं."

खाली वहिनींनी आपलं पूर्ण नाव घातलं. त्याखाली लिहिलं, 'हे मी काढलं आहे. सुरक्षा सप्ताहाच्या पोस्टरवरचं मी काढलेलं नाही, ते वाक्य माझ्या दिराचंही नाही.'

पहिला कागद त्यांनी घरी नेऊन सासूबाईंपुढे ठेवला. सासूबाईंनी बोटाने वाचला, चौकट न् चौकट, सारख्या दिसणाऱ्याही. शेवटच्या हातावर बोट थांबलं. "याची नखं अशीच आहेत," त्या म्हणाल्या, आणि उठून मुलाच्या खाटेवर जाऊन बसल्या. काय बोलल्या ते वहिनींनी ऐकलं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

सोमवारी चहाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत, वहिनींनी कँटीनच्या फळ्यावर कागद टाचला. लपून नाही, खुर्चीवर चढून. लोक जमले. या खेपेला कोणी हसलं नाही. साहेबांचं तेच वाक्य पहिल्यांदा आलं तेव्हा नाही, दुसऱ्यांदा नाही, पण ते येतच राहिलं तेव्हा मागून एक आवाज आला, "माझ्या इमारतीतलंही मेलंय." मग दुसरा, "माझ्याकडची दोन." मग सगळेच बोलायला लागले, आणि ते बोलणं काही चहाच्या पेल्याबरोबर संपणारं नव्हतं. सगळ्यांत ज्येष्ठ मेकॅनिकने पेला उपडा ठेवला. "बटण चालू असल्याशिवाय मी टपावर पाय ठेवणार नाही," तो म्हणाला. "ज्याला ठेवायचाय त्याने ठेवावा." कोणालाच ठेवायचा नव्हता.

जेवणाच्या सुट्टीआधीच वहिनींना केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेब होते, गळपट्टेवाला होता, आणि मुख्य कचेरीतून आलेल्या एक मोठ्या बाई होत्या. कागद टेबलावर, फळ्यावरून उपटून आणलेला. कोपऱ्याला टाचणीची भोकं.

"हे तुम्ही कंपनीच्या विरोधात केलंत," साहेब म्हणाले.

"मी फक्त काढलं. केलं तुम्ही."

"पानेबुवा हे कॅरॅक्टर कंपनीच्या संगणकावर, कंपनीच्या वेळेत तयार झालं. ते कंपनीचं आहे. तुम्हाला ते असं वापरायचा अधिकार नाही."

वहिनींना क्षणभर हसूच आलं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून माहीत होत्या, पण इतक्या जवळून! "साहेब," त्या म्हणाल्या, "कंपनीच्या फोनवर मी रोज बोलते. म्हणून काय माझी जीभ कंपनीची झाली? उद्या तिच्याकडूनही वदवून घ्याल, चूक माझीच म्हणून?"

"विषय भरकटवू नका."

"विषय बटणाचा आहे. मी तुमच्या या दारात उभी राहून सांगितलं होतं. इथेच. सांगितलं होतं की नाही?"

साहेब मोठ्या बाईंकडे बघायला लागले. मोठ्या बाई गळपट्टेवाल्याकडे. आणि तो बिचारा, ज्याच्याकडून वहिनींनी काहीच अपेक्षा केली नव्हती, तो खाली बघत म्हणाला, "वाक्य साहेबांनी लिहून दिलं होतं. मला ठाऊक नव्हतं तो माणूस कोण आहे."

त्यानंतर काय झालं ते एकदम गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. चौकशी झाली, दिराने तिथे सगळं सांगितलं, अगदी खोलात शिरून. बटणं बदलली गेली, सगळ्या जुन्या लिफ्टमधली, कारण टपावर चढायला माणूसच मिळेना. जो पार्ट इतके दिवस मागवलेलाच होता तो आठवड्याच्या आत हजर. साहेबांची बदली झाली, म्हणजे दुसऱ्या कचेरीत दुसरी खुर्ची मिळाली. दिराला काम मिळालं वर्कशॉपमध्ये, पण 'दिलं' असं म्हणत मिळालं, उपकार केल्यासारखं. वहिनींना फोनवरून उचलून सामानाच्या कोठारात टाकलं. तिथल्या संगणकातून तो चित्रांचा प्रोग्राम आधीच काढून टाकलेला होता. चूक झाली, असं कोणी म्हणालं नाही. तोंडी नाही, लेखी नाही. दारातलं पोस्टर मात्र एका सकाळी दिसेनासं झालं. सप्ताह संपला म्हणून काढलं, असं सांगितलं गेलं.

"चला, निघालं ना!" लोक म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "निघालं नाही, लपवलं."

आणि ते खरंच होतं. महिन्याभराने एका ड्रायव्हरने सहज सांगितलं, की शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत पानेबुवा अजून हसतोय. वहिनींनी अर्ज केला. उत्तर नाही. पुन्हा केला. संबंधित विभागाला कळवलंय, असं उत्तर आलं. 'मागवलाय, मागवलाय' त्यांच्या कानात वाजलं. सुट्टीच्या दिवशी त्या चपला घालून निघाल्या, तर दीर काठी घेऊन दारात उभा.

"पाय दुखेल, भाऊजी."

"दुखू दे. मला बघायचंय मी कसा हसतो ते."

बसने गेले. शाखेच्या दाराशी एक वयस्क पहारेकरी स्टुलावर बसला होता. त्याच्या मागेच काचेच्या चौकटीत पोस्टर. दीर समोर उभा राहिला आणि त्याने ते सगळं वाचलं, शिळेपासून हसण्यापर्यंत. मग त्याने मागच्या खिशात हात घातला, पाना बाजूला सारला आणि स्क्रू ड्रायव्हर काढला.

"ओ, ओ!" पहारेकरी उठला. "काय चालवलंय? कोणाच्या परवानगीने?"

"चित्र माझं आहे," वहिनी म्हणाल्या. "आणि चित्रातला माणूस हा."

पहारेकऱ्याने पोस्टर बघितलं. मग दिराची भुवई बघितली, काठी बघितली, पाय बघितला. पुन्हा पोस्टर. त्याला वाचायला जरा वेळ लागला.

"हे असं बोलला होतात तुम्ही?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग छापलं कशाला?" तो एकदम भडकला, जणू त्यालाच कोणी फसवलं होतं, आणि एका परीने फसवलंच होतं. "मी इथे रोज याच्याखाली बसतो. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, बघा, याच्यासारखा निष्काळजीपणा करू नका म्हणून!"

त्याने आपलं स्टूल ओढून चौकटीखाली ठेवलं. दिराला त्यावर चढता येणार नव्हतं. म्हणून वहिनी चढल्या, पहारेकऱ्याने स्टूल धरलं, आणि दीर खालून सांगू लागला, "उलटा फिरवा वहिनी. घाई नाही. वरचे दोन आधी."